लेखकाच्या घरून येणारं पुस्तक: नाशिकमध्ये बसून स्वप्रकाशित मराठी पुस्तकं मिळवण्याच्या वाटा, पारखून

नाशिकमध्ये पुस्तकांना तोटा नाही. १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी'च्या पेट्या आहेत, शालिमारपासून गंगापूर रोडपर्यंत दुकानं आहेत. डिसेंबर २०२१मध्ये आडगावला ९४वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं तेव्हा या शहराची पुस्तकांची भूक सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. पण लेखकाने स्वतःचे पैसे घालून छापलेलं पुस्तक यातल्या कुठल्याच दारातून आपोआप आत येत नाही. वितरकाच्या यादीत त्याचं नाव नसतं, म्हणून दुकानदार ते मागवत नाही. दुकानात दिसत नाही, म्हणून ग्रंथालयाच्या खरेदीत येत नाही. अशी पुस्तकं मिळवण्याच्या ज्या वाटा आज वाचकाला उघड्या आहेत, त्यांचं हे परीक्षण. कसोट्या तीन: पुस्तक सापडतं का, ते धड हातात पडतं का, आणि दिलेल्या पैशातलं लेखकाकडे किती जातं.

निकाल आधीच सांगतो. पारखायला किंडलचा, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-पुस्तकाचा नमुना, विकत घ्यायला थेट लेखक, आणि पुस्तक चार जणांनी वाचावं असं वाटलं तर ग्रंथालयाची मागणी वही. बाकीच्या वाटा वाईट नाहीत, पण त्या या तिघांच्या मागे आहेत.

सुरुवात किंडलपासून. २०१६च्या अखेरीस ॲमेझॉनने मराठी ई-पुस्तकं लेखकाने स्वतः चढवण्याची सोय केली आणि नवख्या लेखकाला छपाईचा खर्च न करता वाचकापर्यंत जाता येऊ लागलं. शोधताना एक अडचण नेहमी येते. तेच नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत टाकलं की वेगवेगळी यादी समोर येते, कारण लेखकाने माहिती भरताना जे लिहिलं असेल तेच शोधात सापडतं. दोन्ही लिपींत शोधा आणि शेवटी 'मराठी एडिशन' हे शब्द रोमनमध्ये जोडा, म्हणजे हिंदीची गर्दी बरीच गळते.

पुस्तक सापडलं की लगेच विकत घेऊ नका, नमुना उतरवून घ्या. पहिली साधारण १० टक्के पानं फुकट मिळतात. २०० पानांच्या पुस्तकात ती वीसेक भरतात, पण मराठी पुस्तकाला प्रस्तावना, मनोगत, ऋणनिर्देश, अर्पणपत्रिका असं सगळं असतं आणि नमुना कित्येकदा त्यातच संपतो. प्रत्यक्ष कथेची चार पानंही मिळत नाहीत. हा दोष किंडलचा नाही, मांडणीचा आहे, आणि लेखकांनी प्रस्तावना मागे नेली तर तो एका दिवसात सुटेल. तोवर मिळतील त्या चार पानांवरून पारख करावी लागते, आणि ती करता येते.

काय बघायचं? सगळ्यात आधी 'वाऱ्याने', 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'पायऱ्या' असे शब्द शोधा. ते 'वा-याने', 'दुस-या' असे मधे आडवी रेघ घालून छापलेले दिसले, तर मजकूर श्रीलिपी किंवा आयएसएमसारख्या जुन्या फाँटमधून युनिकोड या आजच्या सर्वत्र चालणाऱ्या अक्षरपद्धतीत उलटवला आहे आणि नंतर कुणी बारकाईने वाचलेला नाही असं समजा. 'ऱ' हे अक्षर नीट टंकावं लागतं. फाँट बदलताना ते हरवतं आणि घाईत त्या जागी रेघ येते. मग 'ॲ' बघा. 'ॲड' किंवा 'बँक' लिहिताना चंद्र सुटून शेजारच्या ठिपक्यांच्या गोलावर बसला असेल, तर तीच कहाणी. रफार एक अक्षर पुढे-मागे सरकलेला, 'र्‍हस्व' आणि '-हस्व' एकाच पानावर वेगवेगळे, अवतरणचिन्हं उघडली पण मिटली नाहीत: अशा पाच चुका चार पानांत सापडल्या तर मुद्रितशोधन झालेलं नाही. यावरून लेखकाला लिहिता येत नाही असं ठरत नाही. फक्त पुस्तक एका हाताने तयार झालंय, दुसरी नजर त्यावरून फिरलेली नाही, एवढं कळतं. कथा ताकदीची असेल तर अशा चुकांसकट पुस्तक घ्यावं. पण १५० पानं 'दुस-या' वाचणं डोळ्यांना टोचतं, हे घेण्याआधी माहीत असलेलं बरं.

आणखी एक तपासणी: अक्षर मोठं करून बघा. मोठं झालं आणि ओळी नव्याने जुळल्या तर फाइल नीट बनवलेली आहे. अक्षर तेवढंच राहिलं आणि अख्खं पानच पुढे-मागे ओढावं लागलं, तर ती पानांची चित्रं आहेत, आणि मोबाइलच्या पडद्यावर ती वाचणं शिक्षा आहे. चाळिशी ओलांडलेल्या वाचकांनी हे आधी बघावंच.

पैशाचं गणित. किंडलवर लेखकाला ३५ किंवा ७० टक्के मानधनाची निवड असते. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के मिळवायचे तर पुस्तक ॲमेझॉनच्या केडीपी सिलेक्ट या योजनेत टाकावं लागतं, म्हणजे ९० दिवस ते डिजिटल रूपात दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही. छापील प्रत मात्र कुठेही विकता येते. प्रतिलिपी या ऑनलाइन वाचनाच्या ॲपवर भागांनी वाचत असलेली कादंबरी एके दिवशी अचानक गायब झाली, की वाचक लेखकावर रागावतात. बऱ्याचदा कारण हेच असतं. करार मोडू नये म्हणून लेखक तिथले भाग काढून घेतो. त्याच ९० दिवसांत पाच दिवस पुस्तक फुकट ठेवता येतं. त्या दिवसांत घेतलेल्या प्रतीचा लेखकाला एक पैसा मिळत नाही. ती त्याची जाहिरात असते. फुकट घेतलं असेल तर त्या बदल्यात चार ओळींचा प्रामाणिक अभिप्राय लिहावा, एवढी अपेक्षा रास्त आहे.

किंडल अनलिमिटेडचं, म्हणजे ठरावीक वर्गणीत पुस्तकं उतरवून वाचण्याच्या योजनेचं, सदस्यत्व असलेल्यांसाठी महत्त्वाची गोष्ट: तिथे लेखकाला पुस्तक उतरवल्याचे नाही, वाचलेल्या पानांचे पैसे मिळतात. तेही पहिल्यांदा वाचल्याचेच. विमानात किंवा गावाला नेट बंद ठेवून वाचलं असेल, तर पुस्तक परत करण्याआधी एकदा नेट सुरू करून किंडल जुळवून (सिंक करून) घ्या. वाचलेली पानं तेव्हाच मोजली जातात. आणि अभिप्राय लिहिताना, लेखक तुमचा मामा किंवा जवळचा मित्र असेल तर लिहू नका. ॲमेझॉनच्या नियमात नातलगांचे आणि जवळच्या मित्रांचे अभिप्राय बसत नाहीत, ते काढून टाकले जातात. मनापासून मदत करायची असेल तर आप्तांनी पुस्तक विकत घेऊन भेट द्यावं, तारे परक्यांना देऊ द्यावेत.

आता थेट लेखकाकडून. स्वप्रकाशित छापील पुस्तक घ्यायचं तर यापरती चांगली वाट नाही, आणि कारण आकड्यांत आहे. उदाहरण म्हणून २०० पानांचं, २५० रुपये किमतीचं पुस्तक घ्या. १०० प्रतींची डिजिटल छपाई केली आणि प्रतीमागे ११० रुपये खर्च आला असं धरू. वितरकाने ५० टक्के सूट घेतली तर लेखकाच्या हातात १२५ येतात, छपाई वजा जाता १५ रुपये उरतात. दुकानाने ४० टक्के कमिशन घेतलं तर १५० मधून ४० उरतात, आणि तेही पुस्तक विकलं गेल्यावर, हिशेब झाल्यावर. तुम्ही थेट मागवलं, लेखकाने १० टक्के सूट दिली आणि टपालखर्च तुम्ही सोसला, तर २२५ मधून ११५ उरतात. पंधरा आणि एकशेपंधरा. अक्षरजुळणी, मुखपृष्ठ आणि मुद्रितशोधनाचा खर्च या ११० मध्ये धरलेलाच नाही. तो भरून निघण्यासाठी अशा किती प्रती जाव्या लागतील, याचा अंदाज यावरून येईल.

मागवण्याची पद्धत साधी आहे, पण तिच्यात गोंधळ ठरलेले आहेत. आधी निरोप धाडा: 'नमस्कार मॅडम, तुमच्या कथासंग्रहाची एक प्रत हवी आहे. टपालासह किती पाठवू? पत्ता देतो.' रक्कम कळली की यूपीआयवर पैसे पाठवताना दिसणारं नाव लेखकाचंच किंवा त्यांनी सांगितलेल्या घरच्या माणसाचंच आहे ना, ते बघा. टीप म्हणून पुस्तकाचं नाव लिहा. एकाच दिवशी वीस जणांनी २६० रुपये पाठवले की कुणाचे कुठल्या पुस्तकाचे हे लेखकाला उलगडत नाही, आणि तुमची प्रत त्यातच अडकते. पत्ता फोटो काढून किंवा बोलून पाठवू नका, टंकून पाठवा, म्हणजे तो जसाच्या तसा पाकिटावर चिकटवता येतो. पिन कोड तपासा: नाशिकच्या मुख्य टपाल कार्यालयाचा ४२२००१, नाशिकरोडचा ४२२१०१. एका आकड्याच्या फरकाने पाकीट चार दिवस इकडून तिकडे फिरतं. सही हवी असेल तर नाव कसं लिहायचं ते सांगा, ऱ्हस्व-दीर्घासकट. आणि पार्सल हातात आल्यावर पैसे देण्याचा आग्रह धरू नका. घराला कुलूप असलं की पाकीट परत जातं आणि दोन्ही वेळचा खर्च लेखकाच्या माथी बसतो.

टपालाचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण स्वप्रकाशित पुस्तकाचं जगणं-मरणं तिथे ठरतं. डिसेंबर २०२४मध्ये पुस्तकांची जुनी नोंदणीकृत टपालसेवा बंद झाली, तेव्हा घरून पुस्तकं पाठवणाऱ्यांची मोठी कोंडी झाली. दीडशे रुपयांच्या पुस्तकाला साठ-सत्तर रुपये खर्च कोण करणार? १ मे २०२५ पासून टपाल खात्याने ज्ञान पोस्ट सुरू केली आणि हा प्रश्न बराच सुटला. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पुढे वजनाप्रमाणे टप्पे, ५ किलोला १०० रुपये, कर वेगळा. पाकिटाचा माग काढता येतो. जातं मात्र जमिनीच्या मार्गाने, त्यामुळे स्पीड पोस्टपेक्षा जास्त दिवस धरा. सेवा शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक छापील साहित्यासाठी आहे. नियतकालिकं आणि जाहिराती असलेलं व्यापारी साहित्य तिच्यात बसत नाही, आणि पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं असावं लागतं. कित्येक हौशी लेखक नेमकं हेच नाव छापायला विसरतात आणि खिडकीवर पाकीट परत येतं. कथा-कादंबरी पाठवतानाही आपल्या टपाल कार्यालयात आधी विचारून घ्यावं.

३०० ग्रॅमची मर्यादा ऐकायला तोकडी वाटते, पण हिशेब करून बघा. डेमी आकार म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. ७० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅम) कागदावर २०० पानं म्हणजे १०० कागद, त्यांचं वजन साधारण २१० ग्रॅम. ३०० जीएसएमचं मुखपृष्ठ वीसेक ग्रॅम. पॅकिंगचे ३५ धरले तर २६५ ग्रॅम, म्हणजे आरामात बसतं. २४० पानं झाली की ३०० ची वेस ओलांडते. कागद ८० जीएसएमचा घेतला तर २०० पानांचं पुस्तकही पार काठावर येतं. पुस्तक छापण्याआधी लेखकाने हा हिशेब केला तर पुढच्या प्रत्येक वाचकाचे पैसे वाचतात. वाचकांकडून सांगायचं तर, भिशी मंडळ किंवा सोसायटीतल्या आठ-दहा जणांनी मिळून एकच पाकीट मागवावं. दहा प्रती अडीच किलोच्या आसपास जातात आणि टपालखर्च प्रतीमागे दहा रुपयांच्या आत येतो.

पॅकिंग हा या वाटेचा सगळ्यात कच्चा दुवा. पातळ पिवळं पाकीट, त्यात नुसतं पुस्तक, वर चिकटपट्टी: असं आलं की चारही कोपरे दुमडलेले असतात, आणि श्रावणातल्या पावसात पानं फुगलेली. मागवताना सरळ सांगा, 'आधी प्लास्टिकच्या पिशवीत घाला, मग दोन्ही बाजूंनी पुठ्ठा लावा.' पुठ्ठा पुस्तकापेक्षा अर्धा सेंटिमीटर मोठा असला तर मार पुठ्ठ्याला बसतो, कोपऱ्याला नाही. जुन्या खोक्याचा पुठ्ठा चालतो, खर्च शून्य.

पुस्तक आलं की बांधणी बघा. मधलं पान उघडून सपाट दाबा. ओळीची शेवटची अक्षरं शिवणीच्या खाचेत जात असतील तर आतला समास पाऊण इंचाहून कमी सोडलाय. कणा 'कट्' आवाज करून चिरला आणि पान सुटून हातात आलं, तर डिंक कमी पडलाय किंवा तो वाळण्याआधीच पुस्तक कापलंय. असं पुस्तक आलं तर फोटो काढून लेखकाला कळवा. बहुतेक लेखक लाजून लगेच दुसरी प्रत पाठवतात. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांना छापखान्याशी भांडायला पुरावा मिळतो. उरलेल्या ९० प्रतींतही तोच दोष असणार.

मागणीनुसार छपाई करणाऱ्या पोथी डॉट कॉम आणि नोशन प्रेस यांसारख्या संस्थांकडून मागवणं हा मधला मार्ग. तुम्ही पैसे भरल्यावर एक प्रत छापली जाते, म्हणून यायला वेळ लागतो, आणि एकेक प्रत छापणं महाग म्हणून किंमतही चढी असते. लेखक परदेशी असेल किंवा प्रती संपल्या असतील तेव्हा ही सोय मोलाची आहे. लेखकाच्या घरात गठ्ठा पडून असताना मात्र त्याच्याकडूनच घ्या.

प्रतिलिपी बरीचशी फुकट वाचता येते, आणि नवे लेखक सापडण्याला तिच्याइतकी मोठी जागा मराठीत दुसरी नाही. पण तिथे लोकप्रियता लांबी आणि सातत्यावर चालते. रोज एक भाग टाकणारा वर येतो, वर्षात तीन उत्तम कथा लिहिणारा तळाशी राहतो. म्हणून वरच्या यादीवर विसंबू नका. आवडलेल्या लेखकाने स्वतः कुणाला चांगला अभिप्राय दिलाय ते बघत जा, त्या माळेतून फार चांगली माणसं सापडतात.

शहरातल्या दुकानांबद्दल थोडक्यात. 'विकलं तर पैसे, नाही तर पुस्तकं परत' या बोलीवर दोन-पाच प्रती ठेवून घेणारे दुकानदार आहेत, पण त्या प्रती फक्त कणा दिसेल अशा, खालच्या फळीवर असतात. तुम्ही नाव घेऊन मागितलंत तरच त्या वर येतात. जिल्हा ग्रंथोत्सवात किंवा २७ फेब्रुवारीच्या, मराठी भाषा गौरव दिनाच्या सुमारास होणाऱ्या पुस्तक प्रदर्शनांत कोपऱ्यातल्या टेबलांकडे आधी जा. तिथे लेखक स्वतः बसलेला असतो, पुस्तक हातात घेऊन उघडता येतं, कणा दाबून बघता येतो, आणि टपालखर्चही नाही.

आणि ग्रंथालय. ही वाट सर्वात कमी वापरली जाते याचं वाईट वाटतं. लेखक प्रत भेट देतो, ती दाखल होते आणि कपाटात बसते, कारण ती कुणी मागितलेलीच नसते. सभासदाने मागणी वहीत नोंद केली तर गोष्ट बदलते. नोंद नुसती 'अमुक कादंबरी हवी' अशी नको. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशन वर्ष, किंमत, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) असल्यास तो, आणि प्रत कुठून मिळेल हे लिहा. अनुदानित ग्रंथालयाला खरेदीचं रीतसर बिल लागतं, त्यामुळे लेखक सूट दाखवून बिल देतो का हे आधी विचारून तेही नोंदवा, ग्रंथपालांचं अर्धं काम होतं. आयएसबीएन नसला म्हणून पुस्तक कमी प्रतीचं ठरत नाही. तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून लेखकालाही विनामूल्य मिळतो, फक्त अर्ज करावा लागतो, हे लेखकाला सांगायला हरकत नाही. दोन सभासदांनी आठवड्याच्या अंतराने तीच नोंद केली तर विचार लवकर होतो. एक प्रत ग्रंथालयात गेली की ती वर्षात दहा-पंधरा घरांत जाऊन येऊ शकते.

शेवटची मदत पैशाविना करता येते आणि लेखकाला तिचा उपयोग फार होतो. वाचताना शुद्धलेखनाच्या चुका पेन्सिलीने खुणावत जा आणि पुस्तक संपल्यावर एकत्र पाठवा. जाहीर अभिप्रायात नाही, खासगी निरोपात. शंभर-शंभर प्रतींनी छापणारा लेखक पुढच्या खेपेत त्या दुरुस्त करतो, किंडलची फाइल तर कधीही बदलता येते. 'चुका फार आहेत' असं लिहून त्याच्या हाती काही लागत नाही. असं लिहा: पृष्ठ ८७, वरून ओळ १४, 'वा-याने' आहे, 'वाऱ्याने' हवं.